फॅटी लिव्हर: साखर सुटली, आता चहातल्या दुधाचं काय?

वडील, वय 56. सोनोग्राफीत ग्रेड 2 फॅटी लिव्हर, एसजीपीटी (रक्तात तपासलं जाणारं यकृताचं एन्झाइम) 78, म्हणजे वाढलेलं. दारू नाही, मधुमेह नाही. रोज पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर. म्हणजे नुसत्या चहातूनच 40-50 ग्रॅम!

तीन महिन्यांपासून साखर बंद. गूळही नाही, तो यकृताला साखरेसारखाच. कप तीनवर आणलेत. हिमोग्लोबिन कमी, म्हणून जेवणानंतर तासभर चहा नाही. चहातलं टॅनिन लोह नीट शोषू देत नाही. ग्रीन टीच्या कॅप्सूल कृपया सुचवू नका, अर्काच्या मोठ्या डोसने एन्झाइम्स उलट वाढू शकतात.

अडचण एकच: कोऱ्या चहाने छातीत जळजळते. सध्या तीन कपांत मिळून दीड वाटी म्हशीचं दूध जातं. ते गाईचं किंवा साय काढलेलं केलं तर पुरेल, की दूध पूर्णच सोडायला हवं?