७०२ च्या गच्चीवरचा हॉट टब

शनिवार

६०२ गोखले काकू, सकाळी ७:४२
सुप्रभात. काल दुपारी दोन माणसं ७०२ च्या गच्चीवर टेप लावून मापं घेत होती. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "गरम पाण्याची टाकी येणार आहे, आत माणसं बसायची." हे नेमकं काय आहे? माझी बेडरूम त्या गच्चीच्या बरोबर खाली आहे. निनादला तीन वेळा फोन केला, उचलला नाही. म्हणून इथे विचारते आहे.

५०१ सावंत
काकू, त्याला हॉट टब म्हणतात. आता सातव्या मजल्यावर महाबळेश्वर 😄

३०३ वैशाली
अय्या, खरंच? आम्हाला बोलवणार ना?

६०२ गोखले काकू
वैशाली, मला यात गंमत वाटत नाही. त्याच गच्चीवरच्या कुंड्यांच्या वेळी माझं छत गळलं, ते तुम्ही नव्या लोकांनी पाहिलेलं नाही. दोन पावसाळे मी पलंगावर बादली ठेवून झोपले आहे.

२०४ आपटे (खजिनदार)
सर्व सभासदांना नम्र विनंती. टॉप टेरेस वॉटरप्रूफिंगच्या दुसऱ्या हप्त्याची वर्गणी अजून ११ फ्लॅटची बाकी आहे. कृपया भरावी 🙏

७०२ निनाद, सकाळी ९:१५
काकू, काल दिवसभर मीटिंगमध्ये होतो, सॉरी. लपवण्यासारखं काही नाही. चार जणांचा टब बघतोय, ॲक्रिलिकचा, १२०० लिटरचा. बाबांचे गुडघे सगळ्यांना माहीत आहेत. माझी पाठही दोन वर्षं धरलेली आहे. शुक्रवारी ॲडव्हान्स द्यायचा आहे. गच्ची माझ्या ॲग्रीमेंटमध्ये आहे, कॉमन नाही.

६०२ गोखले काकू
गच्ची तुझी, पण स्लॅबची खालची बाजू माझी ना रे?

४०१ कदम (सेक्रेटरी)
कृपया ग्रुपवर वाद नको. निनाद सर, सोसायटीकडे लेखी अर्ज आलेला नाही. असा जड भार किंवा प्लंबिंगमधला बदल असेल तर आधी परवानगी लागते. अर्ज द्या, कमिटी बघेल.

७०२ निनाद
सर, ५०१ ने ड्राय बाल्कनी बंद केली तेव्हा अर्ज होता का? फक्त विचारतोय.

५०१ सावंत
माझं नाव मध्ये कशाला? माझ्या बाल्कनीने कुणाचं छत गळलं नाही.

५०१ सावंत
हा संदेश काढून टाकला आहे

३०१ पाटणकर काका, सकाळी ११:०८
मी आयुष्यभर स्लॅबच मोजले, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. राग नसावा.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १२०० लिटर म्हणजे १२०० किलो. टबचं स्वतःचं वजन ३०० धरू. चार माणसं २८०. झाले १७८० किलो. टब दोन मीटर बाय दोन मीटर असेल तर चार चौरस मीटरवर हा भार, म्हणजे दर चौरस मीटरला ४४५ किलो.

आपल्याकडे इमारतीचा भार आयएस ८७५ या मानकाने धरतात. राहत्या खोलीला दर चौरस मीटरला साधारण २०० किलो, आणि वर जाता येतं अशा गच्चीला १५०. कोबा आणि फरशीचं वजन वेगळं मोजलेलं असतं, पण त्या कुंड्यांनंतर निनादच्या गच्चीवर कोब्याचा दुसरा थर चढला आहे. तो कुणी मोजला होता?

७०२ निनाद
काका, आदर ठेवून विचारतो. न्यू इयरला माझ्या गच्चीवर ४० माणसं नाचली. तुम्हीही होता. तेव्हा स्लॅब पडला नाही.

३०१ पाटणकर काका
होतो. माणसं अख्ख्या गच्चीभर पसरलेली होती आणि दीड वाजता घरी गेली. पाणी घरी जात नाही. ते एकाच कोपऱ्यात रात्रंदिवस, बारा महिने बसतं. स्लॅब लगेच पडेल असं मी म्हणत नाही. तो हळूहळू वाकतो, बारीक भेगा पडतात, भेगांतून ओल सळईपर्यंत जाते. मग काकूंच्या छताचा पोपडा पडतो आणि आपण रंगाऱ्याला बोलावतो.

५०१ सावंत
मग वरची पाण्याची टाकी कशी काय चालते काका? ती तर किती मोठी आहे.

३०१ पाटणकर काका
चांगला प्रश्न. ती टाकी कॉलमवर आणि बीमवर बसवलेली आहे, ड्रॉइंगमध्ये पहिल्या दिवसापासून तिचा भार धरलेला आहे. निनादचा कोपरा तर कॉलमच्या बाहेर आलेला कँटिलिव्हर, म्हणजे पुढच्या टोकाला खालून आधार नसलेला, असावा असं मला वाटतं. ड्रॉइंग पाहिल्याशिवाय ठामपणे सांगणार नाही.

६०२ गोखले काकू
धन्यवाद पाटणकर. हेच मी कुंड्यांच्या वेळी सांगत होते.

२०४ आपटे (खजिनदार)
वॉटरप्रूफिंगच्या दुसऱ्या हप्त्याची वर्गणी अजून ११ फ्लॅटची बाकी आहे. गळतीवर चर्चा चालू आहे तर हेही लक्षात घ्यावे 🙏

७०२ निनाद, दुपारी १:३०
फुगवायचे पण टब मिळतात. ८०० लिटर, ४० किलो वजन. हिवाळ्यापुरता लावायचा, मग घडी करून ठेवायचा. मग तर कुणाची हरकत नसावी?

३०१ पाटणकर काका
व्यास किती?

७०२ निनाद
१.९ मीटर

३०१ पाटणकर काका
८०० अधिक ४० अधिक चार माणसांचे २८०, झाले ११२० किलो. क्षेत्रफळ २.८४ चौरस मीटर. दर चौरस मीटरला ३९५. फार फरक नाही. कारण टबची भिंत हलकी झाली तरी पाण्याची खोली तेवढीच राहते. दर १० सेंटीमीटर पाण्याला चौरस मीटरमागे १०० किलो, हा हिशोब कोणत्याही कंपनीच्या टबला बदलत नाही. १५ सेंटीमीटर पाण्यातच गच्चीचे १५० संपतात.

३०३ वैशाली
बाप रे. म्हणजे मुलांसाठी गच्चीवर पूल लावतात उन्हाळ्यात, तोही?

३०१ पाटणकर काका
तोही. घोट्यापर्यंत पाणी ठीक.

३०३ वैशाली
आमचा गुडघ्यापर्यंत भरतो आम्ही 😳 आजच काढते

१०३ डॉ. शेंडे, दुपारी ३:२०
निनाद, बाबांसाठी घेतोयस म्हणून लिहिते. गरम पाण्यात गुडघ्यांना आराम पडतो हे खरंच आहे, सांध्यावरचा भार कमी होतो, स्नायू सैल पडतात. पण बाबांना बीपीची गोळी चालू आहे. गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, बीपी खाली येतं, आणि टबमधून उठताना चक्कर येते. टबची कड चढून उतरायची आहे, ओल्या फरशीवर, त्या गुडघ्यांनी. मला त्या क्षणाची जास्त काळजी आहे. ४० अंशांच्या वर पाणी कधीच नाही, आणि त्यांच्या वयाला त्याहून कमी, दहा-पंधरा मिनिटं, तेही कुणीतरी शेजारी असताना. डायबेटिसमुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी तर विचारल्याशिवाय उतरूच नये. गरोदर बायकांनीही नाही.

आणि पाणी. कोमट पाण्यात क्लोरिन भराभर उडून जातं. ते उडालं की स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढतात, अंगभर पुरळ येतं. लिजिओनेला नावाचा जंतू तर वाफेच्या तुषारांतून फुप्फुसात जातो, म्हाताऱ्या माणसांना तो भारी पडतो. तेव्हा रोज तपासायचं, क्लोरिन निदान ३ पीपीएम (दहा लाख भागांत तीन), पीएच म्हणजे पाण्याची आम्लता ७ ते ७.८. रोज कोण करणार हे आधी ठरव.

७०२ निनाद
ताई, हे मला विक्रेत्याने एका शब्दाने सांगितलं नाही. थँक्यू.

५०१ सावंत
त्यापेक्षा पालीजवळ उन्हेऱ्याच्या कुंडात जाऊन येऊ सगळे. गरम पाणी आपोआप येतं, लाइट बिल नाही. जाताना बल्लाळेश्वर पण होईल.

३०३ वैशाली
हो हो! वज्रेश्वरी पण छान आहे, पण लांब पडेल

२०१ बर्वे
बस करा. मागच्या वेळी बसचे पैसे मी भरले होते, चार घरांचे अजून आले नाहीत.

५०१ सावंत
बर्वे साहेब, मी दिले होते.

२०१ बर्वे
तुमचे नाही म्हणत. ज्यांचे आहेत त्यांना माहीत आहे.

४०१ कदम (सेक्रेटरी)
विषयावर राहूया.

२०४ आपटे (खजिनदार)
विषयावरच आहे. ११ फ्लॅट बाकी 🙏

६०२ गोखले काकू, संध्याकाळी ६:०५
मी एक विचारू? टब रिकामा करताना १२०० लिटर पाणी कुठे जाणार? गच्चीचा पावसाळी पाइप माझ्या ड्राय बाल्कनीजवळून जातो आणि त्याचा जोड गळतो, हे मी दोनदा लिहून दिलं आहे. क्लोरिनचं पाणी खालच्या बागेत गेलं तर माझी जास्वंद जाईल. आणि एप्रिलमध्ये आपण टँकर मागवतो तेव्हा हे पाणी कुठल्या हिशोबात?

१०२ जाधव
काकूंचा मुद्दा बरोबर आहे. दरडोई दिवसाला १३५ लिटर धरतात. १२०० लिटर म्हणजे जवळजवळ नऊ माणसांचं एका दिवसाचं पाणी. आम्ही तळमजल्याजवळ राहतो, टँकर उशिरा आला की मोटर आमच्या खिडकीखाली रात्री चालू होते.

७०२ निनाद
पाणी तीन-चार महिन्यांनी एकदाच बदलतात, रोज नाही. मी टँकर माझ्या पैशाने मागवीन. प्रत्येक गोष्टीला मीच का? सात जणांच्या दोन-दोन गाड्या आहेत, रोज पाइप लावून धुतात. त्यांना कुणी लिटर विचारत नाही.

१०२ जाधव
माझी एकच गाडी आहे, तीही ओल्या फडक्याने पुसतो.

७०२ निनाद
तुम्हाला नाही म्हटलं जाधव.

४०४ मंजिरी (कॅलगरी), रात्री १०:५०
इथे सकाळ आहे, आत्ता सगळं वाचलं. निनाद, आमच्याकडे सहा वर्षं हॉट टब आहे, म्हणून मनापासून लिहिते. पहिला हिवाळा आम्ही रोज बसलो. बाहेर उणे २०, चारी बाजूंना बर्फ, आणि मानेपर्यंत गरम पाणी. ते सुख मी नाकारणार नाही. पण तो मागच्या अंगणात जमिनीवर, काँक्रीटच्या ओट्यावर आहे. त्याच्या खाली कुणी झोपत नाही.

दुसऱ्या वर्षी आठवड्यातून दोनदा, आता पाहुणे आले की. पण टबला सुट्टी नसते. आठवड्याला दोन-तीनदा पट्टी बुडवून पाणी तपासायचं, फिल्टर धुवायचा. झाकणाचा फोम पाणी पिऊन इतका जड झाला की मला एकटीला उचलेना, नवीन घ्यावं लागलं. एकदा कडाक्याच्या थंडीत लाइट गेली तेव्हा पाइप गोठून फुटतील म्हणून रात्रभर जागलो. तुमच्याकडे गोठायची भीती नाही, पण आपल्या बोअरचं पाणी आठव. गीझरची कॉइल दोन वर्षांत क्षारांनी पांढरी होते, तिथे टबच्या हीटरचं काय होईल?

आणि पुण्यात थंडी किती दिवस? डिसेंबर, जानेवारी. मे महिन्यात कोण बसणार?

७०२ निनाद
मंजिरीताई, वीज किती लागते?

४०४ मंजिरी (कॅलगरी)
इथलं बिल सांगून उपयोग नाही, आमची थंडी वेगळी. पण गणित सोपं आहे. १२०० लिटर पाणी २२ अंशांवरून ३८ वर न्यायला साधारण २२ युनिट. दोन किलोवॅटचा हीटर असेल तर अकरा तास. म्हणजे "चल आज बसू" असं होत नाही. एक तर रोज गरम ठेवायचा, नाहीतर सकाळी ठरवायचं की रात्री बसणार.

१०२ जाधव
शिवाय वेगळी लाइन, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) लागेल. ओल्या अंगाने, उघड्यावर. हा खर्च टबच्या किमतीत धरलेला नसतो.

रविवार

३०१ पाटणकर काका, सकाळी ११:४०
निनाद आणि मी ऑफिसमध्ये बसून ड्रॉइंग पाहिलं. निनाद स्वतःहून आला हे आवर्जून सांगतो. ७०२ चा पूर्वेकडचा कोपरा कँटिलिव्हरच आहे. गच्चीचा भार १५० नेच धरला आहे. भिंतीलगत बीमवर लोखंडी फ्रेम टाकून भार कॉलमपर्यंत नेता येतो, पण त्याला स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी डिझाइन लागेल आणि वॉटरप्रूफिंग उकरावं लागेल. जे आपण नुकतंच केलं.

२०४ आपटे (खजिनदार)
आणि ज्याची ११ फ्लॅटची वर्गणी बाकी आहे 🙏

७०२ निनाद, दुपारी १२:२५
ॲडव्हान्स देत नाही. मापं घेणाऱ्यांना कळवलं.

पण एक बोलतो. रोज दीड तास हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बसून येतो. बाबा रात्री पाय चोळत बसतात ते बघवत नाही. आमच्या घरात कुणाला उधळपट्टी करायची हौस आलेली नव्हती. गच्ची घेतली तेव्हा ज्यादा पैसे मोजले, आणि आता तिथे कुंडी ठेवायची तरी धास्ती. हे कुणाला तरी समजावं एवढंच.

६०२ गोखले काकू
समजतं रे. पण तू आधी खाली येऊन सांगितलं असतंस तर मी इथे लिहिलंच नसतं. वॉचमनकडून कळणं मला लागलं.

७०२ निनाद
हो काकू. चुकलं.

१०३ डॉ. शेंडे
निनाद, बाबांसाठी बाथरूममध्ये पकडायचा दांडा आणि घट्ट बसणारं स्टूल लाव, गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी पंधरा मिनिटं. आणि फिजिओथेरपीला थेरपी पूल असलेलं ठिकाण बघू, तिथे रॅम्पने उतरता येतं आणि शेजारी माणूस असतो. मी चौकशी करते.

७०२ बाबा, दुपारी १:१०
मी निनादचे वडील. सूनबाईंनी ग्रुपमध्ये घातले. मला कोणी विचारले नाही पण मी त्या टबात उतरणार नव्हतो. कड फार उंच आहे. मुलाने माझ्यासाठी मनात आणले याचा आनंद आहे. उन्हेऱ्याला न्याल तर येईन, १९७८ साली गेलो होतो.

५०१ सावंत
आजोबा, तुमची सीट पक्की. पायऱ्या उतरताना मी हात धरीन.

२०१ बर्वे
या वेळी पैसे आधी.

१०३ डॉ. शेंडे
कुंडातही पाच-दहा मिनिटंच हं आजोबा, आणि आदल्या दिवशी बीपी मोजून.

६०२ गोखले काकू
निनाद, बेडरूमच्या छतावर कुंड्यांच्या वेळचा डाग अजून आहे, आणि त्याच्या शेजारी एक नवीन रेघ दिसते आहे. तू स्वतः येऊन बघ. पाटणकरांनाही घेऊन ये.

७०२ निनाद
पाच मिनिटांत येतो.

६०२ गोखले काकू
चहा टाकते.

२०४ आपटे (खजिनदार)
७०२ व ५०१ ची वर्गणी आत्ता जमा झाली, धन्यवाद. ९ फ्लॅट बाकी 🙏