मुंबई–लंडन ७,२०० किमी, वेग ताशी ९००. मग दहा तास कसे लागतात?

खिडकीची_जागा
मुंबई–हीथ्रो (लंडनचा विमानतळ) हवाई अंतर सगळीकडे ७,२०० किमीच्या आसपास दिलेलं दिसतं. ताशी ९०० किमी वेग धरला तर आठ तास होतात. वेळापत्रकात मात्र जाताना दहाच्या आणि येताना नऊच्या घरातला आकडा असतो. फरक कुठून येतो? आणि तिथून पुढचं विमान पकडायचं तर हिशेब कसा धरायचा?

नकाशावेडा
७,२०० हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत कमी अंतर. ती रेषा कराचीजवळून बलुचिस्तान, इराण, जॉर्जियाची राजधानी तबिलीसीच्या जरा दक्षिणेकडून काळा समुद्र आणि मग पश्चिम युक्रेन अशी जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. त्यामुळे मुंबई–मस्कत–इस्तंबूल–लंडन अशी मोडती रेषा मोजून बघा, ७,४०० च्या थोडं वर भरतं. त्यात ठरलेले हवाई मार्ग आणि उतरतानाची वळणं मिळवून ७,६०० धरा. दिल्लीहून निघणाऱ्यांना हा वळसा जास्त महागात पडतो, कारण त्यांना आधी खाली अरबी समुद्राकडे यावं लागतं.

अंतर बघताना एकक नक्की तपासा. काही ठिकाणी ३,८९० असा आकडा दिसतो, ते सागरी मैल असतात (१ सागरी मैल = १.८५२ किमी). साधे मैल समजून १.६०९ ने गुणलं की साडेनऊशे किमी गायब!

पश्चिमवारा
खरा खेळ वाऱ्याचा आहे. ११ किमी उंचीवर मॅक ०.८५ (आवाजाच्या वेगाच्या ०.८५ पट) म्हणजे ताशी साधारण ९०० किमी, पण हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत. तिथे वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. सरासरी ताशी ६० किमीचा वारा धरा:

जाताना ९०० − ६० = ८४०; ७,६०० ÷ ८४० = ९ तास
येताना ९०० + ६० = ९६०; ७,६०० ÷ ९६० = ७ तास ५५ मिनिटं

यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढण-उतरण आणि हीथ्रोवरच्या घिरट्या यांची पाऊणएक तास भर घाला. झाले पावणेदहा आणि पावणेनऊ. हिवाळ्यात हा वारा जोर धरतो, तेव्हा दोन्हींतली तफावत आणखी वाढते.

खिडकीची_जागा
म्हणजे वेळापत्रकातला आकडा नुसता हवेतला नाही?

पश्चिमवारा
नाही. विमान जागेवरून हलल्यापासून तिथे जाऊन उभं राहीपर्यंतचा. विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार या साइटवर मात्र उड्डाण ते उतरणं एवढाच वेळ मिळतो, त्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करू नका.

नकाशावेडा
तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, हेही महत्त्वाचं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, एरवी साडेपाच. हिवाळ्यात दुपारी २ ला निघून संध्याकाळी ६:१५ ला पोहोचणारं विमान सव्वाचार नव्हे, पावणेदहा तास घेतं.

पुढचं विमान ब्रिटनमधलंच असेल तर इमिग्रेशन हीथ्रोलाच होतं. दोन वेगळी तिकिटं असतील तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं आणि पहिलं विमान उशिरा आलं तरी दुसरी कंपनी थांबत नाही. अशा वेळी चार तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका.