वडिलांचे व्यसन पाहिलेल्या मुलीने व्यसनमुक्ती समुपदेशक व्हावे का?

कृष्णाकाठ (प्रश्न): माझे वडील दारू पीत असत, त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. लहानपणी दाराची कडी किती जोरात वाजली यावरून आजची रात्र कशी जाणार हे आम्हा भावंडांना कळायचे, आणि मी दप्तर उचलून मागच्या खोलीत जायचे. आता एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर शिक्षण) संपत आले असून व्यसनमुक्ती केंद्रात काम करण्याची इच्छा आहे, पण "जे भोगलेस तेच रोज कशाला बघतेस?" असे मावशी म्हणते. घरचा अनुभव या कामात उपयोगी पडतो की आडवा येतो?

सावली: दोन्ही. मीही अशाच घरातली, आणि चौदा वर्षे समुपदेशन करते आहे. पहिल्याच वर्षी एक पेशंट "पोरीची शपथ, मॅडम, आता थेंबही नाही" म्हणाला, तेव्हा मी इतके कोरडे उत्तर दिले की तो पुढच्या सत्राला आलाच नाही. ते उत्तर माझ्या वडिलांना द्यायचे राहून गेलेले होते. वरिष्ठांनी माझी नोंदवही वाचून एवढेच विचारले, "या पानावर पेशंट कुठे आहे?" उलट, "साहेबांना ताप आहे" असे नवऱ्याच्या कार्यालयात कळवत राहणारी बायको समोर बसली, की तिची दमणूक मला सांगावी लागत नाही. म्हणून नोंदी तपासणारे वरिष्ठ जिथे असतील, तिथेच नोकरी धरावी. पगार थोडा कमी असला तरी.

पुन्हा_उभा: मी स्वतः अकरा वर्षे दारूपासून दूर आहे. पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते झाली, तेव्हा भोगलेल्याने या कामात येणे नवीन नाही. मात्र अनुभवाच्या जोरावर वैद्यकीय सल्ला देऊ नये: वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, आणि ते जिवावरही बेतू शकते, म्हणून तो टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच पार पडावा. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल-अनॉनच्या सभा आपल्याकडेही भरतात. पेशंटसमोर बसण्याआधी काही महिने तिथे मुलगी म्हणून बसावे, समुपदेशक म्हणून नव्हे.

कृष्णाकाठ: दोघांचेही आभार. सभेला आईलाही घेऊन जाता येईल का? वडील गेल्यापासून त्यांच्या पिण्याबद्दल आम्ही दोघी एकदाही बोललेलो नाही.

सावली: येईल. मात्र पहिल्या वेळी तुम्ही एकट्याच जा, आणि घरी आल्यावर कुठे गेला होतात ते त्यांना खरे सांगा.