आईचं युरिन इन्फेक्शन: नायट्रोफ्युरँटॉइन की फॉस्फोमायसिन?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. आई ६६ वर्षांची, मधुमेही. लघवीला जळजळ, रात्री सारखं उठावं लागणं, असं या वर्षात पुन्हा पुन्हा होतंय. ताप, थंडी, कुशीत दुखणं नाही. आधी दर वेळी कल्चर (लघवीत कोणते जंतू आहेत आणि त्यांच्यावर कोणतं औषध चालतं, ही तपासणी) न करताच सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक मिळालं. या वेळी औषध सुरू करण्याआधीच कल्चर करायला लावलं. ई. कोलाय हे जंतू निघाले, मिलिलीटरला एक लाखाच्या वर. सिप्रो आणि सेफिक्झिम दोन्ही रेझिस्टंट, म्हणजे निरुपयोगी! नायट्रोफ्युरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन सेन्सिटिव्ह, म्हणजे लागू पडणारी.

फॅमिली डॉक्टर म्हणतात, नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिग्रॅ दोन वेळा, जेवणानंतर, ५ दिवस. मधुमेहाच्या डॉक्टरांनी फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी सांगितली, पाण्यातून एकदाच. आईला अर्थातच पुडी हवी, गोळ्यांना ती कंटाळली आहे.

२०१८ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात या दोन औषधांची थेट तुलना आली होती, ५१३ स्त्रियांवर. २८ दिवसांनी नायट्रोफ्युरँटॉइनच्या गटात ७० टक्के जणी बऱ्या होत्या, फॉस्फोमायसिनच्या गटात ५८ टक्के. पण तिथे गोळी दिवसातून तीनदा दिली होती. शिवाय आईचं क्रिएटिनिन १.३ आहे, ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतंय त्याचा अंदाज) ४५. मूत्रपिंड मंद असेल तर नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत पुरेसं उतरत नाही, ही माझी खरी काळजी. रिपोर्टवर एमआयसी (जंतूंची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण) नायट्रोचा ३२ आणि फॉस्फोचा १६ आहे. म्हणजे फॉस्फो जास्त प्रभावी समजायचं का?

प्रतिसाद

ताई, एमआयसीचे आकडे दोन औषधांमध्ये असे ताडून बघायचे नसतात. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी: नायट्रोला ३२ पर्यंत सेन्सिटिव्ह, फॉस्फोला ६४ पर्यंत. दोन्ही चालतील एवढाच त्याचा अर्थ.

ईजीएफआर ४५ काठावर आहे. थोड्या दिवसांच्या कोर्सला बरेच डॉक्टर ३० पर्यंत हरकत घेत नाहीत, पण हा आकडा फॅमिली डॉक्टरांनी पाहिलाय का, ते आजच विचारा. पाहिला नसेल तर पुडीचं पारडं जड होतं. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरू नका, नायट्रोने तसं होतं.

ताप आला, कुशीत दुखलं किंवा उलट्या झाल्या तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं असेल तर ही दोन्ही औषधं तिथे पुरेशी पोचत नाहीत. आणि बरं वाटल्यावर उगाच पुन्हा कल्चर नको. लक्षणं नसताना नुसते जंतू सापडले तर मधुमेहातही सहसा अँटिबायोटिक देत नाहीत.