नाशिकमध्ये गोदाकाठी बांधकाम परवानगी देताना महापालिकेने बिल्डरकडून काय मागावं?

गंगापूररोडकर:
आनंदवल्ली ते सोमेश्वर, जिकडे बघाल तिकडे 'रिव्हर व्ह्यू' फ्लॅटचे बोर्ड. नियम नाहीत असं नाही. २०२० च्या यूडीसीपीआरप्रमाणे, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे, नदीपात्र ते निळी पूररेषा (नेहमीच्या मोठ्या पुराची) नवीन इमारत बांधता येत नाही. निळी ते लाल (त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराची) या पट्ट्यात बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. गोम इथेच आहे. ही उंची बहुतेक जण मुरूम-मातीचा भराव टाकून गाठतात. मग पुराचं पाणी जिथे पसरायचं ती जागाच संपते आणि ते समोरच्या काठावर, जुन्या वस्तीत शिरतं. महापालिकेने तीन गोष्टी मागाव्यात: भरावाला पूर्ण बंदी, म्हणजे इमारत खांबांवर; नदीकडची पट्टी सगळ्यांना फिरायला खुली; आणि लाल रेषेची पातळी गेटच्या खांबावर ठळक रंगवलेली. घर घेणाऱ्याला ती दिसलीच पाहिजे.

साईट इंजिनिअर:
सर, खांबांवर इमारत म्हणजे खाली पार्किंग. पूर आला की गाड्या पाण्यात, लिफ्टचा खड्डा भरलेला, मीटर रूम बंद. रहिवासी कोणाला धरणार? आम्हालाच. शिवाय आपल्याकडे ४००० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर मूळ मंजूर बांधकामाचा २० टक्के भाग दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटाच्या घरांसाठी ठेवावाच लागतो. वर आणखी अटी घातल्या की दर वाढतो आणि तो साध्या नोकरदाराच्या कर्जात जातो. जलसंपदाने रेषा आखल्यात, त्या पाळा, बस्स.

पंचवटीकर:
मीटर रूम पहिल्या मजल्यावर घ्या की! त्याला कोणी अडवलंय?
१९ सप्टेंबर २००८ ला गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी सराफ बाजार, भांडी बाजारात शिरलं होतं. गोदाघाटावरची उंच दुतोंड्या मारुतीची मूर्ती दिसेनाशी झाली होती. आमच्या वाड्यातलं धान्य, कपडे, मुलांची पुस्तकं, सगळं चिखलात. गंगापूर धरणातून किती पाणी सोडणार ते आधी कळतं. पण धरणाच्या खाली पडणारा पाऊस, नाले, वाघाडी नदी यांचं पाणी त्याच पात्रात येतं, आणि तेव्हा वर टाकलेला प्रत्येक डंपर भराव आमच्या उंबऱ्याशी येतो. तुमच्या गिऱ्हाइकाचा दर वाढेल, कबूल. पण आमचं नुकसान कोणत्या दरपत्रकात धरता?

मखमलाबादचा शेतकरी:
सगळे बिल्डरबद्दल बोलताय. जमीन कोणाची, ते कोणी विचारत नाही. आमचा गट नदीला लागून, जवळजवळ सगळा निळ्या रेषेत. नियम म्हणतो, रेषेतल्या भागाचा एफएसआय (जमिनीवर मिळणारा बांधकामाचा हक्क) त्याच प्लॉटच्या उरलेल्या जागेवर वापरा. उरलेली जागा असेल तर ना! मोठा बिल्डर मागचे दोन गट घेऊन हिशेब जुळवतो. आमच्याकडे येतो तेव्हा "काका, ही तर पडीक" म्हणून कवडीमोल भाव करतो. आता त्यावर तुमची फिरायची पट्टी. फुकट द्यायची?

गंगापूररोडकर:
काका, फुकट मुळीच नाही. तुमचं म्हणणं माझ्या तीन अटींच्या आधी यायला हवं होतं. ज्याचा अख्खा गट रेषेत आहे त्याला दुसरीकडे वापरता किंवा विकता येईल असा बांधकामाचा हक्क, म्हणजे टीडीआर, द्यावा आणि पट्टी महापालिकेच्या नावे करून घ्यावी. पण इंजिनिअरसाहेब, भरावाच्या अटीवर मी तसूभरही मागे येणार नाही. पार्किंगमध्ये पाणी येणार हे आधी माहीत असेल तर गाड्या बाहेर काढता येतात. वाड्यातलं घर कुठे काढून नेणार?

साईट इंजिनिअर:
भरावबंदी करा, पण सगळ्यांना. आज एक जण खांबांवर बांधतो आणि शेजारचा लॉन्सवाला रात्रीतून डंपर रिकामे करतो. जमिनीची मूळ पातळी परवानगीच्या नकाशावर नोंदवा आणि भोगवटा दाखल्याआधी पुन्हा मोजा. एवढं करणार असाल तर माझा विरोध नाही. फिरायच्या पट्टीला मात्र आहे. तिथली सुरक्षा, दिवे, कचरा सोसायटीच्या गळ्यात पडणार.

मखमलाबादचा शेतकरी:
टीडीआर चालेल. पण ताबा आधी आणि डीआरसी (त्या टीडीआरचं प्रमाणपत्र) पुढच्या वर्षी, असं नको. दोन्ही कागद एकाच दिवशी, एकाच टेबलावर.