जर्नल हाताने उतरवून काढायची सक्ती बंद करा

पाणथळ_टीई
मी टीई (इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष) मेकॅनिकलला आहे, कॉलेज नाशिकमधलंच. सबमिशनचा आठवडा चालू आहे. काल रात्री दीडपर्यंत हीट ट्रान्सफरच्या जर्नलमधले (प्रयोगवहीतले) राईटअप, म्हणजे प्रयोगांची लेखी माहिती, लिहीत बसलो होतो. लिहीत म्हणजे सीनिअरचं मागच्या वर्षीचं जर्नल समोर ठेवून उतरवत. थिअरी त्याची, कृती त्याची, निष्कर्षसुद्धा त्याचाच.

लिहायला माझी ना नाही. राग कशाचा आला ते सांगतो. स्टेफन-बोल्ट्झमनचा, म्हणजे तापलेली वस्तू किती उष्णता बाहेर टाकते त्याचा, प्रयोग आम्ही मनापासून केला. गरम पाण्याने तापवलेल्या अर्धगोलात खालून तांब्याची चकती बसवायची, दर पाच सेकंदांनी तिचं तापमान टिपायचं आणि ते किती वेगाने चढतं त्यावरून स्थिरांक काढायचा. पुस्तकात 5.67 आहे, आमचा आला 4.1 (दहाचा उणे आठवा घात दोन्हीकडे). चेकिंगला ऐकायला मिळालं, ‘हे चुकलंय, मागच्या बॅचचं रीडिंग घाल.’ घातलं, सही मिळाली. आमचं 4.1 खोडरबराने गेलं.

माझ्याकडे दुसरी एक वही आहे, तीही हातानेच लिहितो. थंडीत पहाटे गाडी काढून नांदूरमध्यमेश्वरला पक्षी मोजायला जातो. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं हे पाणी रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आल्याचं 2020 मध्ये जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलंच. चापडगावच्या मनोऱ्यावरून थापट्या किती, तलवार बदकं किती, वारकरी (काळे पाणपक्षी) किती, ते मोजून लिहायचं. धुकं असलं तर ‘धुकं, मोजता आलं नाही’ असं लिहितो. तिथे कुणी मागच्या वर्षीचा आकडा घाल म्हणत नाही. पक्षी येतात नोव्हेंबर-डिसेंबरात आणि आमचं सबमिशनही नेमकं तेव्हाच.

माझं म्हणणं एवढंच: राईटअप छापील द्या. हाताने फक्त आपली रीडिंग, आपला आलेख आणि उत्तर तसं का आलं ते लिहायला लावा.

अंबड_शॉपफ्लोअर
माझा विरोध आहे. बावीस वर्षं मशीनवर आणि मशीनच्या भोवती काढली आहेत. आज ‘थिअरी छापील द्या’, उद्या म्हणाल ‘ड्रॉइंग शीटही छापील द्या’.

आमच्याकडे एक ट्रेनी आला होता, मार्क चांगले. अमेरिकन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग त्याच्या हातात दिलं. वस्तूचे देखावे कागदावर मांडायची त्यांची पद्धत थर्ड अँगल, आपली फर्स्ट अँगल. आपण डावीकडून पाहिलेला देखावा उजवीकडे काढतो, ते डावीकडेच काढतात. कोपऱ्यात कापलेल्या शंकूची खूण असते, ती त्याने बघितलीच नाही. खाच उलट्या बाजूला पडली आणि सगळा लॉट भंगारात. नंतर त्याने स्वतःच कबूल केलं, पहिल्या वर्षीच्या सगळ्या शीट जीटी मारलेल्या. खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवर मित्राची शीट. ड्राफ्टर लावून एक जरी शीट स्वतः काढली असती, तर ती खूण डोक्यात बसली असती.

हाताला वळण हातानेच लागतं. पक्षी पाच वर्षांनीही येतीलच.

पाणथळ_टीई
काका, जीटी म्हणजे उतरवणंच की. तुमचा ट्रेनी माझ्याच बाजूचा पुरावा आहे.

सिन्नर_एसटी
मी कॉम्प्युटरला आहे, रोज सिन्नरहून येते. तुझं म्हणणं कळतं, पण सरसकट बंद करा म्हणू नकोस.

माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिल्या वर्षी लेक्चर समजायचं, पण इंग्रजीत उत्तर लिहायला पेन उचललं की पहिलं वाक्यच सुचायचं नाही. जर्नल उतरवता उतरवता ती वाक्यं हातात बसली. ओरलला एक्स्टर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) विचारलं तेव्हा तोंडातून आपोआप निघाली. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ते काम वाटतं, मला ती शिकवणी होती, तीही बिनपैशाची. तू ज्याला वाया गेलेली रात्र म्हणतोस, त्या रात्रींवर माझी दोन सेमिस्टर निघाली आहेत.

पालक_जेलरोड
इंजिनिअरिंगची चार वर्षं नीट काढा, छंद नोकरी लागल्यावर करा. फी आम्ही भरतो.

सिन्नर_एसटी
काका, नोकरी लागल्यावर पहाटे पाचला उठून बदकं मोजायला कोण जातं? तेवढ्या बाबतीत मी त्याच्याच बाजूने आहे.

लॅबवाले_सर
मी शिकवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. बॅचमध्ये वीस मुलं, उपकरण एक, वेळ दोन तास. त्यात पाणी तापायलाच किती वेळ जातो, ते सगळ्यांना माहीत आहे. टर्म वर्कचे मार्क कशावर दिले, ते एक्स्टर्नलला दाखवायला फाईल लागते. राईटअप छापील केला तर आज उतरवणारा उद्या उतरवायचंही सोडेल, वाचणार तर नाहीच. म्हणून सक्ती ठेवावी, या मताचा मी आहे.

पण 4.1 खोडायला लावलं, ते चूक झालं. असं सांगणाऱ्याच्या जागी मीही कधीतरी असेन, घाईत. विचारायला हवं होतं ते आता विचारतो. चकती बसवल्यापासून पहिलं रीडिंग किती सेकंदांनी घेतलं?

पाणथळ_टीई
सर, कच्चा कागद दप्तरात होता. मित्र चकती बसवत होता, मी मोबाईलवर वेळ लावत होतो. पहिलं रीडिंग दहा सेकंदांनंतरचं आहे आणि आम्ही तोच शून्य धरला. चकती सगळ्यात थंड असते तेव्हाच सगळ्यात भरभर तापते, आणि नेमका तोच तुकडा आमच्या आलेखात नाही. आत्ता वक्र मागे ओढून खऱ्या शून्यापाशी चढ काढला, उत्तर 4.9 आलं.

सिन्नरच्या ताई, तुमचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. पहिल्या वर्षाला राईटअप हाताने असू दे, ते मान्य. तिसऱ्या वर्षाला नको, यावर मी ठाम आहे.

सर, तरी 5.67 ला बरंच कमी पडतंय. चकतीवरचा काळा थर कडेने उडालेला होता असं आठवतं. थर उडालेला भाग उष्णता कमी शोषणार. उद्या लॅब उघडली की आधी ती चकती बघतो.