माती जैविक घटक की अजैविक?

प्रश्न: परिसंस्थेत हवा, पाणी व प्रकाश अजैविक, तर वनस्पती, प्राणी आणि सूक्ष्मजीव जैविक मानले जातात, मग दोन्ही सामावणाऱ्या मातीला कुठे ठेवावे?

उत्तर १: खनिज कण, पाणी व हवा यांचा वाटा मोठा असल्याने पाठ्यपुस्तके तिला अजैविक म्हणतात, परंतु मला ही विभागणी अपुरी वाटते. शिंबावर्गीय (शेंगा येणाऱ्या, उदा. हरभरा) वनस्पतीच्या मुळावरील गाठ कापल्यास ती आतून गुलाबी दिसते. तिच्यातील रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन, जो हवेत सुमारे ७८ टक्के असूनही वनस्पतींना थेट घेता येत नाही, त्यांना वापरता येईल अशा रूपात आणतात.

उत्तर २: सहमत आहे. गळलेल्या पानाचे बुरशी विघटन करते, तेव्हा त्यातील खनिजे मातीत मिसळतात आणि मुळे ती पुन्हा शोषतात.

प्रश्नकर्ता: म्हणजे कण अजैविक, जिवाणू जैविक, असे वेगवेगळे लिहावे. आभार.